वसतिगृहानंतरची खोली

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कोल्हापूरविषयी लिहिताना वसतिगृहांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यापाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, नामदेव, दैवज्ञ अशा समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक वसतिगृह त्या यादीत आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावर आलेली नसते. २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या, आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला.

हा इतिहास आज शाळेतील मूलही सांगू शकते. ते का सांगू शकते, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. महाराज ६ मे १९२२ रोजी निवर्तले. अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९२४ साली त्यांचे चरित्र लिहिले. परंतु एका चरित्राने वाद मिटत नसतात. महाराजांविषयी पुढे कितीतरी वर्षे भक्तीने बोलले गेले, तसेच द्वेषानेही बोलले गेले. दप्तरखान्यातील रुमाल मात्र बांधलेलेच राहिले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. ते स्वतः इतिहासाचे अभ्यासक. ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादन त्यांचेच. शाहूकालीन पत्रे, हुकूम आणि अर्ज प्रसिद्ध करण्याचे काम शाहू संशोधन केंद्राच्या द्वारे त्यांनी हाती घेतले व त्याचा पहिला खंड १९७८ साली बाहेर पडला. पुढचे खंड डॉ. विलास संगवे आणि डॉ. बी. डी. खणे यांनी सिद्ध केले. संगवे हे समाजशास्त्राचे प्राध्यापक. आपल्याच जैन समाजाचा शास्त्रशुद्ध अभ्यास कसा करावा, याचा धडा त्यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथाने घालून दिला होता.

वसतिगृहाने खेड्यातील मुलाला घोंगडी अंथरण्यापुरती जागा, दोन वेळचे जेवण आणि दिव्याचा उजेड दिला. त्या उजेडात तो जे पुस्तक वाचीत होता ते मात्र दुसऱ्याने लिहिलेले होते, आणि त्यात त्याच्या आजा-पणजाचे नाव बहुधा नव्हते. असले तर ते तिऱ्हाइताच्या नजरेतून लिहिलेले. शिकून वर आलेला समाज एके दिवशी स्वतःच प्रश्न विचारू लागतो, त्या प्रश्नांसाठी टेबल, कपाट आणि चार माणसे लागतात. संशोधन केंद्र ही वसतिगृहानंतरची खोली होय.

या खोलीचा सर्वांत मोठा, आणि काही अंशी सर्वांत दुःखद, अनुभव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांना आला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा तिथे गुलामी कायद्याने संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. गोऱ्यांच्या महाविद्यालयांची दारे बंद होती म्हणून मुक्त झालेल्यांसाठी वेगळ्या संस्था निघाल्या. अटलांटा विद्यापीठ १८६५ साली, वॉशिंग्टनचे हॉवर्ड १८६७ साली, अलाबामातील टस्किगी १८८१ साली. आज अशा सुमारे शंभर संस्था त्या देशात आहेत.

टस्किगी म्हटले की मराठी वाचकाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवतो. ही वीणा गवाणकरांच्या १९८१ च्या 'एक होता कार्व्हर' ची पुण्याई. कार्व्हर १८९६ साली तिथे आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या हाती कृषी प्रयोग केंद्र आले. गोऱ्यांच्या कृषी महाविद्यालयांतील केंद्रांच्या मानाने पैसा अगदी तुटपुंजा होता. कार्व्हरचे संशोधन त्या तुटपुंजेपणातूनच घडले. कापसाने निकस झालेली जमीन, कर्जात बुडालेला खंडकरी शेतकरी, आणि विकतचे खत घेण्याची ऐपत नाही: एवढ्या मर्यादेत काय करता येईल, हा त्याचा प्रश्न होता. भुईमूग, रताळी, चवळी ही त्याची उत्तरे. ती त्याने सोप्या भाषेतील पत्रकांतून छापली आणि १९०६ पासून अवजारे भरलेली गाडी खेडोपाडी फिरू लागली. आपल्या जिल्ह्यातील कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' ही योजना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही वाट परकी वाटणार नाही.

कार्व्हरची कीर्ती झाली. त्याच आवारातील दुसऱ्या एका संशोधकाचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. मन्रो वर्क हा गुलामांचा मुलगा. १९०८ साली त्याने टस्किगीत नोंदी व संशोधन यांचा विभाग सुरू केला. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना जमावाने पकडून झाडाला टांगून मारण्याची चाल होती. अधिकारी त्याकडे काणाडोळा करीत. वर्कने निषेधाचे लेख लिहिले नाहीत. वर्तमानपत्रांतील कात्रणे जमवून त्याने नाव, गाव, तारीख आणि लावलेला आरोप यांची नोंद केली, आणि ते आकडे ठरावीक काळाने वर्तमानपत्रांकडे धाडले. गोऱ्यांची वृत्तपत्रेही ते छापू लागली, कारण आकड्यांशी भांडण करता येईना. टस्किगीच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात असे ४,७४३ बळी गेले. त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होते. शोकगीताहून ही यादी मला अधिक प्रार्थनामय वाटते. प्रत्येक मृताचे नाव घेणे हे ख्रिस्तसभा नोव्हेंबर महिन्यात करते तेच काम आहे.

परंतु याच टस्किगीने एक काळे पानही पाहिले. १९३२ साली अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने मेकन परगण्यातील ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले गेले नाही, 'रक्त बिघडले आहे' एवढेच सांगण्यात आले. जेवण, तपासणी आणि अंत्यविधीचा खर्च हे आमिष. रोग शरीरात कसा पसरतो हे पाहावयाचे होते, म्हणून १९४७ पर्यंत पेनिसिलीन हा सर्वमान्य उपाय ठरल्यावरही तो त्यांना दिला गेला नाही. हे १९७२ पर्यंत चालले, आणि टस्किगीच्या रुग्णालयाने त्यास आपली जागा व आपले नाव दिले होते. दलितांची संस्था असली म्हणजे तिच्या छपराखालील संशोधन आपोआप दलितांचे होते, असे नव्हे. प्रश्न सरकारचा होता. शरीरे तेवढी टस्किगीची. १६ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वाचलेल्या मोजक्या वृद्धांसमोर राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली, आणि १९९९ साली टस्किगीतच संशोधन व आरोग्यसेवेतील नीतिविचारांचे राष्ट्रीय केंद्र उघडले. ज्या ठिकाणी अन्याय झाला त्याच ठिकाणी त्याचा अभ्यास व्हावा, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

हॉवर्ड विद्यापीठातील गोष्ट लहान आहे, पण ग्रंथपालांना आवडावी अशी. १९१४ साली जेसी मूरलँड या धर्मोपदेशकाने आपली तीन हजारांवर पुस्तके विद्यापीठाला दिली. १९३० पासून डोरोथी पोर्टर या ग्रंथपाल बाईंनी ती लावावयास घेतली. प्रचलित दशांश वर्गीकरणात कृष्णवर्णीयांविषयीच्या पुस्तकांना दोनच घरे होती: एक वसाहतींचे, दुसरे गुलामीचे. कवीचे पुस्तकही तिथेच जाई. बाईंनी ती रीत मोडली आणि कवीला काव्यात, इतिहासकाराला इतिहासात बसविले. त्या संग्रहाचे १९७३ साली मूरलँड-स्पिंगार्न संशोधन केंद्र झाले.

महाराष्ट्राने हे सर्व लांबून पाहिले असे नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अटलांटाचे थोर समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. ३१ जुलैला डू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, आणि १९५० साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनाच्या त्या परिसरातून जे साहित्य आणि जी 'अस्मितादर्श' ची परंपरा निघाली, ती सर्वश्रुत आहे. वसंत मून यांचे काम तेवढे सर्वश्रुत नाही. बाबासाहेबांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होती. मून यांनी ती मिळवून, लावून, महाराष्ट्र शासनातर्फे १९७९ पासून खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. ती पेट्यांतच राहिली असती तर आज आपण ज्यांना आंबेडकरांचे विचार म्हणतो त्यांतील केवढा भाग वाळवीने खाल्ला असता!

आता आपल्या घरची गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत. मद्रासमधील सूसई नावाचा एक ख्रिस्ती चर्मकार रस्त्याच्या कडेला बसून पादत्राणे दुरुस्त करीत असे. सरकारने चर्मकारांना मोफत टपऱ्या वाटल्या, त्यातून तो ख्रिस्ती म्हणून वगळला गेला. त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८५ साली निकाल विरुद्ध गेला. वाचकांनी त्या निकालाचे कारण नीट ध्यानात घ्यावे. धर्मांतरानंतरही जात उरते, एवढे दाखविणे पुरेसे नाही, असे न्यायालय म्हणाले. ख्रिस्ती समाजातही त्या जातीच्या वाट्याला येणारी सामाजिक व आर्थिक दुरवस्था पूर्वीइतकीच तीव्र आहे हे अधिकृत अभ्यासाने सिद्ध झाले पाहिजे, आणि तसा अभ्यास न्यायालयापुढे नव्हता. आपल्याकडे मन्रो वर्क नव्हता! शाळा होत्या, वसतिगृहे होती, दवाखाने होते, सण होते. वसतिगृहानंतरची खोली मात्र नव्हती. २००८ साली प्रा. सतीश देशपांडे यांनी राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी अहवाल तयार केला. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने चौकशी आयोग नेमला. दोन्ही वेळा विचारणारे बाहेरचे होते.

हेच काम ख्रिस्तसभेच्या आतून कसे होते, हे पाहावयाचे तर न्यू ऑर्लिन्स येथील झेवियर विद्यापीठाकडे वळावे. कृष्णवर्णीयांच्या त्या शंभर संस्थांत कॅथलिक अशी ही एकच. फिलाडेल्फियातील धनाढ्य पेढीवाल्याची कन्या कॅथरिन ड्रेक्सेल हिने वारसाचा पैसा कृष्णवर्णीय व मूळ रहिवासी यांच्या शिक्षणात ओतला. १९१५ साली तिने न्यू ऑर्लिन्सला विद्यालय काढले, १९२५ साली त्याचे महाविद्यालय झाले. १ ऑक्टोबर २००० रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी तिला संत म्हणून घोषित केले. त्या विद्यापीठात १९८० साली कृष्णवर्णीय कॅथलिकांच्या अध्ययनाची संस्था निघाली. धर्मभगिनी थिया बोमन तिथे शिकवीत. बेनेडिक्टाइन संन्यासी फादर सिप्रियन डेव्हिसही शिकवीत. डेव्हिस यांनी १९९० साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय कॅथलिकांचा इतिहास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय म्हणजे प्रॉटेस्टंट, आणि कॅथलिक म्हणजे आयरिश वा इटालियन, ही समजूत त्या ग्रंथाने पार मोडली. त्यांच्या साधनांत फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीनच्या नोंदवह्या होत्या. १५६५ साली वसलेल्या त्या स्पॅनिश गावाच्या धर्मग्रामात कृष्णवर्णीयांचे स्नानसंस्कार, विवाह आणि दफने लिहून ठेवलेली होती. लिहिणाऱ्या पाद्र्याला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नसावी.

तशाच वह्या आपल्या कपाटांत आहेत. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात केंदळ, संगमनेर, राहाता, हरेगाव या परिसरांत येशूसंघीय मिशनरींनी ज्या पिढ्यांना श्रद्धा दिली, त्या पिढ्यांतील बहुतेक कुटुंबे महार-मांग समाजातून आलेली. त्यांची मुले-नातवंडे पुढे पुणे, मुंबई, कोल्हापूर येथे पोटासाठी आली. नोंदवहीत मुलाचे नाव असते, आईबापांची नावे, गाव, धर्मपिता आणि धर्ममाता. समासात पुढच्या विवाहाची नोंद. एका घराण्याच्या चार पिढ्या जुळवल्या तर कोण कोठून कोठे गेले, लग्ने कोणत्या गावांत आणि कोणत्या घरांत झाली, धर्मपिता कोणत्या घरचा होता, हे सारे दिसू लागते. न्यायालयाने १९८५ साली जे मागितले, त्यातील बराच भाग या समासांत आहे.

यात एक काळजी घेणे अगत्याचे आहे. टस्किगीच्या उपदंशाच्या प्रकरणाने ती शिकविली आहे. हयात माणसांची नावे, आणि विशेषतः जन्मासंबंधीच्या नाजूक नोंदी, अभ्यासकाच्या हाती मोकळ्या देता कामा नयेत. वही धर्मग्रामाबाहेर जाऊ नये. ज्या कुटुंबाविषयी लिहावयाचे त्यास आधी विचारावे. पण कुलपाला किल्लीच नसावी, हेही बरोबर नाही. शिवाजी विद्यापीठाचा परिसर कळंब्यापासून काही मैलांवर आहे. तिथे आपली मुले पदव्युत्तर वर्गांत बसतात आणि प्रबंधाला विषय शोधीत फिरतात. एखाद्या धर्मग्रामात कोणत्या सालापासूनच्या वह्या आहेत, त्या कोणत्या भाषेत आहेत, कोणती पाने फाटली वा शाई पुसट झाली आहे, एवढी साधी यादी करावयास कोणतेही अनुदान लागत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, रविवारी मिस्सानंतर दोन विद्यार्थी आणि एक धर्मगुरू बसले, तर एका धर्मग्रामाची यादी पुरी होते.