फार्सच्या गुंत्याचे कूळ

‘चौकशीचा फार्स’, ‘निविदांचा फार्स’ अशा शब्दप्रयोगांत फार्स हा शब्द आज मराठी वर्तमानपत्रांतून तक्रारीच्या सुरात वावरतो आणि त्याचा अर्थ केवळ ‘देखावा’ एवढाच उरला आहे. त्यामुळे हे मुळात एका अत्यंत बांधेसूद नाट्यतंत्राचे नाव आहे, याचे भान सुटत चालले आहे. ‘ठासून भरणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमध्ये हा शब्द आला आणि करंजीत सारण भरावे तसे मध्ययुगीन युरोपात धार्मिक नाटकांच्या अधेमधे भरलेल्या हास्यप्रसंगांना तो लागू झाला. पुढे हे सारणच स्वतंत्र पक्वान्न ठरले. लंडनच्या गुन्हेगारी विश्वावरील एका चित्रपटाचे मुंबईत जे रूपांतर झाले, त्याची कुळकथा या सारणापासून सुरू होते.

फार्सचे तंत्र गुंत्यावर उभे असते. एखादी वस्तू, एखादे गुपित किंवा एखादे सोंग यांच्याभोवती चार-पाच पात्रे फिरत राहतात. प्रत्येकाला सत्याचा एकेक तुकडा ठाऊक असतो, संपूर्ण सत्य मात्र फक्त प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि एक दार उघडताना दुसरे मिटावे, एवढ्या काटेकोर वेळेवर सारा खेळ चालतो. संस्कृत नाट्यशास्त्रातील प्रहसन हा याचा दूरचाच नातलग म्हणता येईल, कारण सातव्या शतकातील महेंद्रवर्म्याच्या ‘मत्तविलास’सारख्या प्रहसनाचा भर ढोंगी माणसांच्या उपहासावर आहे आणि घटनांची यंत्रासारखी जुळणी हे त्याचे मुख्य अंग नव्हे. मराठी नाटकमंडळ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पौराणिक खेळांच्या जोडीला ‘फार्स’ करण्यास सुरुवात केली, तेव्हा गद्य संवादांचा छोटा खेळ एवढ्याच सैल अर्थाने हा शब्द वापरला जात असे. काटेकोर गुंत्याचा फार्स मराठीत खऱ्या अर्थाने रुजला तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ या नाटकांचे लेखक बबन प्रभू व त्यांचे रंगमंचावरील सहकारी आत्माराम भेंडे यांच्यामुळे. या दोघांनी मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षकाला गुंत्याचा हिशेब ठेवण्याची जी सवय लावली, तिचे मोल मराठी नाट्यसमीक्षेने पुरेसे ओळखलेले नाही.

इंग्लंडमध्ये बेन ट्रॅव्हर्स यांच्या फार्सनी १९२० च्या दशकात लंडनचे ऑल्डविच नाट्यगृह गाजवले होते. युद्धोत्तर काळात ईलिंग स्टुडिओने हाच गुंता चोरांच्या हाती दिला: १९५१ च्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये लुटीचे सोने आयफेल टॉवरच्या प्रतिकृतींत दडवले जाते, तर १९५५ च्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये एका भोळ्या वृद्धेच्या घरात खोल्या भाड्याने घेऊन शिरलेली टोळी तिच्या भोळेपणापुढेच हतबल होते. २८ ऑगस्ट १९९८ रोजी ब्रिटनमध्ये प्रदर्शित झालेला गाय रिची यांचा ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ हा याच घराण्याचा वारस होय. बंदुकीची कळ, दस्ता आणि नळी यांची नावे एकत्र गुंफलेला इंग्रजी वाक्प्रचार ‘संपूर्ण, काहीही मागे न ठेवता’ अशा अर्थाने रूढ आहे. त्यातील एका नळीच्या जागी धूर ओकणाऱ्या दोन नळ्या घालून हे शीर्षक घडवले आहे. पत्त्यांच्या डावात फसवले गेलेले चार मित्र पाच लाख पौंडांचे ऋणी होतात, कर्ज फेडण्यास त्यांना आठवडा मिळतो, भिंतीपलीकडच्या टोळीचा दरोड्याचा बेत त्यांच्या कानी येतो आणि ते त्या दरोडेखोरांनाच लुटतात. दरम्यान दोन जुन्या मौल्यवान बंदुका, त्यांची किंमत न जाणणाऱ्या हातांतून फिरत राहतात. बंदुका, मळकट तपकिरी छटा, गोठवलेली चित्रचौकट आणि लंडनच्या पूर्व भागातील बोली एवढे बाजूला काढले, तर उरतो तो शुद्ध फार्स. ती बोली इतकी स्थानिक आहे की चित्रपटातील एका प्रसंगाला इंग्रजी प्रेक्षकांसाठीही इंग्रजी उपशीर्षके दिलेली आहेत.

समीक्षकांपैकी काहींना यात तडफ दिसली, तर काहींना हिंसेचे सजवलेले कौतुक. ब्रिटिश प्रेक्षकांनी मात्र चित्रपट उचलून धरला आणि बाफ्टा सोहळ्यात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार त्याला मिळाला. पुढची काही वर्षे ब्रिटनमध्ये त्याच्या नकलांचे पीक आले. त्यांतील बहुतेकांनी बंदुका आणि शिव्या उचलल्या, गुंता मात्र त्यांना उचलता आला नाही.

गुन्हेगाराला प्रेक्षकांचे प्रेम मिळू लागले की कौतुकाचा आरोप मागोमाग येतो, हे मुंबईच्या उपनगरांनी रिची यांच्या चित्रपटाच्या पंचावन्न वर्षे आधी पाहिले होते. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने १९४३ मध्ये काढलेल्या ‘किस्मत’चा नायक खिसेकापू होता. अशोक कुमार यांनी रंगवलेला तो सिगारेट ओढणारा चोर लोकांना इतका भावला की कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांनी मात्र गुन्हेगारीला आकर्षक रूप दिल्याबद्दल त्यावर कठोर टीका केली. त्याच वर्षी शशधर मुखर्जी, अशोक कुमार, ग्यान मुखर्जी आणि रायबहादूर चुनीलाल ही मंडळी बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडली आणि मालाडला लागूनच असलेल्या गोरेगावात त्यांनी फिल्मिस्तान ही संस्था उभारली. गोरेगावच्या पूर्वेस १९७७ मध्ये राज्य शासनाची चित्रनगरी वसली. लाडका गुन्हेगार हिंदी पडद्यावर आणणारे हात अशा रीतीने गोरेगावच्या पायाशी आहेत, आणि या उपनगराचा चित्रपटांशी असलेला संबंध केवळ जागेच्या सोयीपुरता मानणे हे त्याच्या इतिहासावर अन्याय करणारे ठरेल.

लाडक्या गुन्हेगाराची ही परंपरा आणि रंगभूमीवरील गुंत्याची परंपरा मुंबईत बराच काळ समांतर चालल्या. १९९८ च्या जुलैमध्ये, म्हणजे रिची यांच्या चित्रपटाच्या आधी दोन महिनेही नाहीत, ‘सत्या’ने मुंबईच्या टोळ्यांना बोली दिली, पण तो विनोदी चित्रपट नव्हता. ९ जून २००६ रोजी आलेल्या नीरज व्होरा यांच्या ‘फिर हेरा फेरी’त दोन्ही परंपरा एकत्र आल्या. व्होरा आणि त्यातील एक प्रमुख अभिनेते परेश रावल हे दोघेही मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर घडलेले होते. कर्जाची मुदत, शेजारच्या टोळीवर मारलेला डल्ला, अमली पदार्थ, दुर्मीळ बंदुका असा कथेचा सांगाडा रिची यांच्या चित्रपटाचा आहे, आणि हे ऋण उघड आहे. बदलले आहे ते त्यावरचे मांस. पत्त्यांच्या डावाच्या जागी पैसे दुप्पट करून देणारी योजना आली, जिच्यात बुडालेली माणसे मुंबईच्या प्रेक्षकाच्या परिचयाची होती. लंडनच्या चार बेपर्वा तरुणांच्या जागी बाबूराव गणपतराव आपटे हा जाड भिंगांच्या चष्म्याचा, चिडका आणि भाबडा मराठी माणूस व त्याचे दोन भाडेकरू आले. आणि लंडनच्या कथेत टोळ्या एकमेकींना गोळ्या घालून संपतात, तिथे मुंबईच्या कथेत पळापळ, गोंधळ आणि सर्कस आहे. रक्त गेले म्हणून कलाकृती सौम्य झाली असे म्हणण्यापेक्षा, फार्स आपल्या मूळ रूपाकडे परतला असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल, कारण फार्समध्ये पात्रे अखेरपर्यंत जिवंत राहावी लागतात. मेलेला माणूस दार उघडून चुकीच्या वेळी आत येऊ शकत नाही. प्रेक्षकांनी हे रूपांतर कुटुंबासह स्वीकारले, त्यातील संवाद रोजच्या बोलण्यात आले आणि दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणांनी ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवले.

शेवट मात्र दोन्ही चित्रपटांत सारखाच ठेवलेला आहे. बंदुकांचे मोल न कळलेला एक मित्र त्या नदीत टाकायला पुलावर गेलेला असतो, मोल नुकतेच कळलेले बाकीचे त्याला जिवाच्या आकांताने फोन लावत असतात, आणि बंदुका व वाजणारा फोन सांभाळत तो पुलाच्या कडेशी अडकलेला असतानाच पडदा काळा होतो.