उसणीच्या गोळीचं माहेर

श्रावण लागला की मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या आसपास करवंदीच्या जाळीतून, शेताच्या कुंपणातून एक वेल डोकं वर काढते. पानाचं टोक लांबत जाऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या काटकीला घट्ट धरून बसतं. फूल तर विचारूच नका. सहाही पाकळ्या मागे उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक, कडा नागमोडी. बीजकोशावरची दांडी सरळ उभी राहायची सोडून बुडातच काटकोनात मोडल्यासारखी आडवी गेलेली. ही कळलावी. संस्कृतात लांगली किंवा अग्निशिखा. जाणती माणसं पोरांना तिचा कंद उकरू देत नाहीत, आणि आयुर्वेदानेही तिला उपविषांत बसवलंय. शोधन केल्याशिवाय ती पोटात द्यायची नाही.

याच वेलीपासून निघालेली एक गोळी आज मुरबाड-शहापूरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. पाकिटावर आधी वेदनाशामक अ‍ॅसेक्लोफेनॅकचं नाव, मग बहुतेकदा पॅरासिटामॉल, आणि शेवटी बारीक अक्षरांत या वेलीतून आलेलं थायोकोल्चिकोसाइड, ४ किंवा ८ मिलिग्रॅम. दुकानात एवढं लांब नाव कोणी घेत नाही. ‘कमरेत उसण भरलीय, गोळी द्या’ म्हटलं की भागतं.

उसणीला या भागात गिऱ्हाईक कमी नाही. आषाढात चिखलणी झाली की भाताचं आवण काढायचं, जुड्या बांधायच्या आणि वाकून लावणी करायची. दिवसच्या दिवस पाठ आडवी. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत बैलबाजार भरतो, तिथेही ओढाताण आणि चढउतार काही थोडी नसते. एखाद्या बेसावध क्षणी कमरेत चमक निघते, पाठीचे स्नायू लाकडासारखे कडक होतात आणि माणूस तिथल्या तिथे धरला जातो. दुखावलेला भाग हलू नये म्हणून शरीराने घातलेला हा पहारा असतो, पण कधी कधी मूळ दुखण्यापेक्षा पहाराच जास्त छळतो. जुना उपाय म्हणजे पायाळू, जन्मताना पाय आधी बाहेर आलेला, माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून कमरेला पाय लावून घ्यायचा. उसण बहुधा आपोआपच उतरणारी असते, त्यामुळे पायाळू माणसाला यश हमखास!

कळलावीची गोळी कशी झाली, ते पाहायला युरोपात जावं लागतं. तिच्याच कुळातलं कोल्चिकम नावाचं कंदवर्गी रोपटं तिकडच्या कुरणांत उगवतं. संधिवाताच्या एका जातीवर, गाउटवर, ते सहाव्या शतकापासून वापरात आहे आणि तेव्हापासून माणसं त्याने मेलीही आहेत. १८२० साली पेल्तिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्यातलं द्रव्य वेगळं केलं. पुढे त्याला कोल्चिसिन नाव मिळालं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे जे सूक्ष्म धागे असतात, ते कोल्चिसिन बनूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते. १९३७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी हाच गुण हेरून पिकांची गुणसूत्रं दुप्पट करायला ते वापरलं. म्हणजे शेतीच्या प्रयोगशाळेत जे हत्यार, तेच पोटात गेलं तर विष.

कोल्चिकमच्या बियांत साखरेचा रेणू जोडलेला कोल्चिसिनचा एक भाऊबंद, कोल्चिकोसाइड, फ्रेंच संशोधकांना १९५०च्या दशकात सापडला. त्यातल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवून तयार झालं थायोकोल्चिकोसाइड. ते कडक झालेल्या स्नायूंवर चाललं. कारखान्यांची भूक वाढली तसा, हीच द्रव्यं असलेल्या कळलावीच्या बियांनाही भाव आला. तमिळनाडूत दिंडीगुल, करूरकडचे शेतकरी मांडवावर वेल चढवून तिची शेती करतात. फूल असं वाकडं असल्यामुळे परागकण हाताने लावावे लागतात. आपल्याकडे कुंपणातून उपटून फेकतात ती वेल, तिकडे नगदी पीक.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांच्या घराण्यात बरेच जण असे आडवाटेने आले आहेत. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रँक बर्गर हा मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा शास्त्रज्ञ पेनिसिलिन नासवणाऱ्या जिवाणूंवर औषध शोधत होता. त्याने एक द्रव्य उंदरांना टोचलं तर उंदीर शुद्धीत राहून अंग ढिलं टाकून पडले. त्यातून १९४६ मध्ये मेफेनेसिन आलं, आणि त्याच गोतावळ्यात खोकल्याच्या औषधातलं ग्वायफेनेसिन आणि पाठदुखीचं मेथोकार्बामॉल. बर्गरनेच पुढे अमेरिकेत कॅरिसोप्रोडॉल आणलं. १९५९ पासून ते दवाखान्यात गाजलं, पण शरीरात त्याचं गुंगीच्या औषधात रूपांतर होतं आणि लोकांना चटक लागते, हे कळायला दशकं गेली. युरोपने २००७च्या सुमाराला त्याची विक्री थांबवायला सांगितलं, अमेरिकेने २०१२ मध्ये नियंत्रित औषधांच्या यादीत घातलं. बॅक्लोफेन मुळात फेफऱ्यावर बनवलेलं. टिझानिडीन ज्या क्लोनिडीनच्या नात्यातलं, ते चोंदलेलं नाक मोकळं करायला निघालं होतं आणि रक्तदाबाचं औषध होऊन बसलं.

कूळ कळलं की गोळी कशी वागेल तेही कळतं, म्हणून तर हा उद्योग. यातली बहुतेक औषधं स्नायूला हातही लावत नाहीत. ती मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात. म्हणून झोप येते, म्हणून गोळी घेऊन माळशेज घाटात मोटारसायकल घालायची नाही, आणि वर ताडी किंवा मोहाची तर नाहीच नाही. टिझानिडीन रक्तदाब उतरवतं. जुलाबासाठी ज्याला सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू आहे त्याला ते द्यायचंच नाही, कारण रक्तातलं त्याचं प्रमाण कित्येक पटींनी चढतं आणि माणूस उभ्याचा खाली बसतो. बॅक्लोफेन जास्त दिवस घेऊन एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात.

कळलावीच्या गोळीचं दुखणं वेगळं, आणि मला सगळ्यात बोचतं तेही हेच. जुन्या सुईणी अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायाला, बेंबीजवळ या कंदाचा लेप लावत. गर्भार बाईच्या आसपासही ही वेल नको, हे गावाला ठाऊक होतं. आज लावणीत कंबर धरलेली बाई मेडिकलमधून तीच वेल पाकिटात घेऊन येते, आणि पाळी चुकली आहे का, हे तिला कोणी विचारत नाही. २०१३ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने तपासणी करून सांगितलं, की थायोकोल्चिकोसाइडचं शरीरात जे रूपांतर होतं त्यातला एक घटक दुभंगणाऱ्या पेशींची गुणसूत्रं बिघडवू शकतो. कोल्चिसिनचा तोच जुना गुण. म्हणून गर्भवतीला नाही, अंगावर पाजणाऱ्या बाईला नाही, गर्भ राहू शकतो आणि गर्भनिरोधक वापरत नाही अशा बाईलाही नाही, सोळा वर्षांखालच्यांना नाही. तोंडावाटे एका वेळी ८ मिलिग्रॅमच्या वर नाही, दोन गोळ्यांत बारा तासांचं अंतर, आणि सगळं मिळून सात दिवस. फेफऱ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण या गोळीने झटके आल्याच्या नोंदी आहेत. गोळीमागे जुलाब लागले तर ‘उष्ण पडली’ म्हणून ताक पीत बसण्यापेक्षा गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवावं.

पाकिटावरचं पहिलं नाव, अ‍ॅसेक्लोफेनॅक, तेही साधं नव्हे. उपाशीपोटी जठर सोलतं. उन्हातान्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर जातं. दुकानातून दोन वेगळ्या नावांची पाकिटं आणली की तेच औषध पोटात दुप्पट जातं, तेव्हा आतली नावं वाचावीत. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला वाचायला लावावं.

एवढं करून गोळीचा उपयोग किती? ताज्या उसणीत थोडे दिवस, थोडासा. जुनाट पाठदुखीत त्याहून कमी. शेक, बेताची हालचाल, अंथरूण न धरणं, यांवर बहुतेक उसणी काही आठवड्यांत जातात. पण पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली, सोबत ताप किंवा वजन उतरणं असलं, किंवा पडून मार लागला असला, तर ती उसण नव्हे. तेव्हा पायाळू माणूस नको आणि गोळीही नको. मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं, आणि तेही त्याच दिवशी.