उतार आणि उतारा

पर्माकल्चर शिकलेला माणूस जमीन शोधायला निघाला की आधी उतार बघतो. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, ऊन कुठल्या अंगाला जास्त. मीही तसाच निघालो. 1948 च्या कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पण वडिलांच्या नावावर देशावर दोन एकर होती, म्हणून शेतकरी असल्याचा दाखला माझ्याकडे होता. तो घेऊन दोन पावसाळे अलिबाग तालुक्यात हिंडलो.

पर्माकल्चर हा शब्द टास्मानियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांचा. त्यांचं पहिलं पुस्तक 1978 साली आलं. रोज हात लागतो ते घराजवळ लावा, क्वचित लागतो ते लांब. आणि काही करण्याआधी जमीन नीट न्याहाळा, अशी ती शिकवण. एका आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "ह्यात नवं काय?" त्यांच्या मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला जात होतं. पुढं वाडीत माड-पोफळी, खाली भाताची खाचरं, वर वरकसावर नाचणी-वरी, त्याच्याही वर रान. पट्टे कधीचेच आखलेले.

शेवटी एका जागेवर मन बसलं. उगवतीचा उतार, पायथ्याला ओहोळ, दगडी बांध अजून शाबूत. मालक मुंबईला, भाव झेपणारा. सातबाऱ्याचा उतारा काढला. मालकाचं नाव होतंच, पण 'इतर हक्क' या रकान्यात एका कुळाचंही नाव होतं. दलाल म्हणाला, "जुनं आहे हो ते. कमी करून घेऊ."

त्या जुन्याला ह्या तालुक्यात मोठा इतिहास आहे. इथं खोतांचं राज्य होतं. त्याविरुद्ध 1933 साली चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप केला. स्वतः कसत असलेली शेतं ओस ठेवली, उपास काढले, पण 1939 पर्यंत मागे हटले नाहीत. मधे 1937 साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. खोती कायद्यानं गेली ती 1949 ला. पुढं 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला, त्या दिवसापासून कसणारा मालक मानला गेला. पण कायद्यातलं प्रत्येक घरापर्यंत पोचतंच असं नाही. काहींची नावं 'इतर हक्का'तच राहिली.

मी त्या कुळाच्या घरी गेलो. नातसून अंगणात वरी पाखडत होती. त्याच जमिनीतली. म्हणाली, "दादा, ते बांध आमच्या आजेसासऱ्यांनी घातलेत. दरसाल ढासळतात, आम्हीच लावतो." ज्या बांधांवर मी भाळलो होतो, ते यांच्या हातचे.

उताऱ्याची नक्कल मी तिच्या नवऱ्याला दिली. तो ती घेऊन तहसील कचेरीत गेला, मी दलालाला नाही म्हटलं. पुढं दोन गावं सोडून मला पाऊण एकर मिळाली. उतार तितका चांगला नाही.

आता कुणी जमीन बघायला बरोबर चला म्हणालं की मी आधी उतारा मागतो, जुन्या फेरफारांसकट. काय पिकत होतं ते बारा नंबरला सापडतं. कुणी पिकवलं, ते मात्र गावात जाऊन विचारावं लागतं.