लोखंडाची भीती, पान्याची भीती

१९०३ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासते, या भीतीनं शेतकरी तो घेत नव्हते. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. पुढं नांगराचं काम डोळ्यांनी पाहिलं, तशी भीती ओसरली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

भीती आपल्यालाही घालतात. गिरडला आमच्या गटाचा बंद पॉवर वीडर भंगारात चालला होता. "बायकांनी पाना लावला तर उरलंसुरलं बिघडेल," म्हणाले. आम्ही ओसरीवरच शिळं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर धुतला, प्लग घासला. यंत्र सुरू झालं. आता पऱ्हाटीत डवरणीला चालतं. बोलणारेच भाड्यानं मागतात. तुमच्या कोठ्यातलं यंत्र विकण्याआधी एकदा उघडून बघा.