अमेरिकन कॉलेजांतल्या वादसभा : विषय कोण ठरवतं?

नोव्हेंबर १८१७. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर या लहानशा गावात एका रात्री दोन प्राध्यापक काही गावकऱ्यांना बरोबर घेऊन एका ग्रंथालयाचं दार कुऱ्हाडीने फोडत होते. आवाज ऐकून विद्यार्थी हातात मिळेल ते घेऊन धावत आले. त्यांनी प्राध्यापकांना आणि त्यांच्या माणसांना गाठलं, कोंडून ठेवलं, कबुली घेतली आणि मग घरी पोहोचवलं. पुस्तकं वाचली.

हे डार्टमथ कॉलेज. आदल्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून कॉलेजचं 'विद्यापीठ' केलं होतं. जुन्या विश्वस्तांना ते मान्य नव्हतं. त्यामुळे एकाच गावात एक कॉलेज आणि एक विद्यापीठ शेजारी शेजारी नांदत होती. इमारती विद्यापीठाकडे गेल्या, बहुतेक विद्यार्थी कॉलेजकडे राहिले. पण कुऱ्हाड ज्या दारावर पडली त्यामागची पुस्तकं ना कॉलेजची होती ना विद्यापीठाची. ती 'सोशल फ्रेंड्स' नावाच्या विद्यार्थी मंडळाची होती, मुलांनी वर्गणी काढून जमवलेली. त्या मंडळाचा ग्रंथपाल होता रुफस चोट नावाचा विद्यार्थी, जो पुढे देशातल्या नामांकित वकिलांपैकी एक झाला. कॉलेज आणि विद्यापीठाचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे कॉलेजची बाजू डॅनियल वेबस्टरने मांडली आणि १८१९ मध्ये निकाल कॉलेजच्या बाजूने लागला. वेबस्टर याच कॉलेजचा जुना विद्यार्थी होता, आणि 'युनायटेड फ्रॅटर्निटी' या दुसऱ्या, प्रतिस्पर्धी मंडळाचा सभासद.

प्राध्यापक पुस्तकं पळवतायत आणि विद्यार्थी ती राखतायत, हे चित्र मला फार आवडतं. अमेरिकेच्या सुरुवातीच्या कॉलेजांमध्ये खरं शिक्षण कुठे चालू होतं, हे त्यातून पटकन कळतं.

ही मंडळं मूळची वादसभा. येल कॉलेजात १७५३ साली 'लिनोनिया' निघाली आणि १७६८ साली तिच्या स्पर्धेत 'ब्रदर्स इन युनिटी'. प्रिन्स्टनला १७६९ साली 'अमेरिकन व्हिग' आणि पुढच्याच वर्षी 'क्लिओसॉफिक'. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ १७९५ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी तिथे दोन मंडळं उभी राहिली. त्यांची नावं पुढे 'डायलेक्टिक' आणि 'फिलांथ्रॉपिक' अशी रूढ झाली. जॉर्जियात १८०३ साली 'डेमॉस्थेनियन' आणि १८२० साली 'फाय कापा'. यादी लांबवता येईल, पण एक गोष्ट एवढ्यावरच लक्षात येते : ही मंडळं बहुधा जोडीने असत. वाद घालायचा तर समोर कोणीतरी लागतंच.

त्या काळच्या वर्गात काय चालायचं? लॅटिन आणि ग्रीक उतारे पाठ करून म्हणून दाखवायचे. विद्यार्थी म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची मुलं, काही त्याहूनही लहान. कॉलेजच्या ग्रंथालयात धर्मशास्त्राचे जाडजूड ग्रंथ, आणि ते उघडं असायचं आठवड्यातून मोजके तास. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, ताजी मासिकं, चालू राजकारण यांना तिथे जागा नव्हती. ही सगळी भूक मुलांनी आपल्या मंडळात भागवली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येलच्या दोन्ही मंडळांची ग्रंथालयं प्रत्येकी दहा हजार पुस्तकांच्या घरात होती.

पुस्तकांइतकीच महत्त्वाची होती ती कामाची पद्धत. मंडळाची लिखित घटना असे. अध्यक्ष आणि चिटणीस निवडून येत. गैरहजेरीला दंड, बैठकीत कुजबुज केली तरी दंड. इतिवृत्त लिहिलं जाई, मागच्या बैठकीचं वाचून मंजूर होई. पुढच्या बैठकीचा विषय आधी ठरे, दोन बाजू नेमल्या जात, भाषणं होत आणि शेवटी कौल घेतला जाई. कामकाज गुप्त ठेवलं जाई, म्हणजे आत बोललेलं प्राध्यापकांच्या कानावर जायला नको.

देश अजून राजाच्या अमलाखाली होता तेव्हापासून ही मुलं मतदान, अध्यक्षीय निर्णय आणि दुरुस्तीचा ठराव या गोष्टींचा सराव करत होती. जेम्स मॅडिसन प्रिन्स्टनला व्हिग मंडळात होता. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला मंडळी जमली, तेव्हा लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मागणारी 'व्हर्जिनिया योजना' मुख्यतः त्याच्या विचारातून आली होती. लहान राज्यांच्या वतीने तिला उत्तर देणारी 'न्यू जर्सी योजना' मांडली विल्यम पॅटरसनने. हा पॅटरसनही प्रिन्स्टनचाच, आणि ज्या मंडळातून पुढे क्लिओसॉफिक निघालं त्याच्या संस्थापकांपैकी. राज्यघटना कॉलेजच्या वादसभेत जन्मली असं म्हणणं फार होईल. पण एका योजनेला दुसऱ्या योजनेने उत्तर द्यायचं आणि रात्री एकाच खाणावळीत जेवायचं, ही सवय त्यांना नवी नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि ते योग्यही आहे. मला अडखळायला होतं ते विषयांपाशी.

१७७३ हे एकच वर्ष घेऊ. त्या वर्षी येलच्या पदवीदान समारंभात लिनोनियाचा सभासद नेथन हेल एका वादात उतरला. हाच हेल तीन वर्षांनी हेर म्हणून इंग्रजांच्या हातून फासावर गेला. वादाचा विषय होता : मुलींच्या शिक्षणाकडे मुलांच्या मानाने विनाकारण दुर्लक्ष होतं की नाही? त्याच वर्षीच्या जुलैमध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात थिओडोर पार्सन्स आणि एलिफलेट पीअर्सन या दोन विद्यार्थ्यांनी वाद घातला तो आफ्रिकी माणसांना गुलाम करणं न्याय्य आहे का, यावर. तो बॉस्टनमध्ये पुस्तिका म्हणून छापलाही गेला. एका बाजूने निसर्गदत्त हक्काचा मुद्दा : माणूस जन्मतः समान आहे, त्याच्या संमतीवाचून त्याच्यावर कोणाची सत्ता चालत नाही. दुसऱ्या बाजूने उत्तर : निसर्गात सगळीकडे उच्चनीच आहे, बापाची मुलावर सत्ता असते ती मुलाला विचारून नव्हे, आणि सगळ्यांचं भलं होत असेल तर काहींनी दुसऱ्यांच्या ताब्यात राहणं न्याय्यच.

विषय दोन्हीकडे धाडसी होते, याबद्दल शंका नाही. इंग्रजांच्या जुलमाविरुद्ध स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या समाजात गुलामीचा प्रश्न जाहीरपणे उभा करायला हिंमत लागते. पण येलमध्ये एकाही मुलीला प्रवेश नव्हता आणि हार्वर्डमध्ये एकाही गुलामाला. ज्यांच्याबद्दल वाद चालला होता त्यांना त्या व्यासपीठावर तोंड उघडायची सोय नव्हती. त्याच १७७३ साली बॉस्टनमध्ये गुलाम असलेल्या फिलिस व्हीटली या तरुणीचा कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला. आफ्रिकी माणसाच्या बुद्धीबद्दलच्या वादाला उत्तर देऊ शकेल अशी व्यक्ती नदीपलीकडच्या शहरातच राहत होती.

आमच्याकडच्या कॉलेजांतल्या वादविवाद स्पर्धांत मीही बोललो आहे. चिठ्ठी उचलायची, अनुकूल की प्रतिकूल ते बघायचं आणि तयारीला लागायचं. न पटणारी बाजू मांडायला लागली की स्वतःच्या मताचे कच्चे सांधे दिसतात, हा त्यातला मोठाच फायदा. पण तीच सवय हळूहळू असंही शिकवते की प्रत्येक प्रश्नाला दोन सारख्या वजनाच्या बाजू असतात, आणि कोणतीही घेतली तरी आपलं काही बिघडत नाही. ज्याचं बिघडणार आहे तो खोलीत नसेल, तर हे मानणं फारच सोपं जातं.

त्याची किंमत जॉर्जियात दिसते. तिथल्या विद्यापीठात डेमॉस्थेनियन आणि फाय कापा यांच्या इमारती हिरवळीच्या दोन बाजूंना आमनेसामने उभ्या आहेत. रॉबर्ट टूम्ब्ज पहिल्या मंडळाचा, अलेक्झांडर स्टीफन्स दुसऱ्या. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आल्यावर राज्याची राजधानी मिलेजव्हिल इथे दोघे पुन्हा समोरासमोर आले. टूम्ब्ज म्हणाला, आताच्या आता देशातून फुटून निघा. स्टीफन्स म्हणाला, थांबा, घाई करू नका. मोठा वाद म्हणून तो आजही सांगितला जातो. पण गुलामी टिकावी यावर दोघांचं एकमत होतं, वाद होता तो टिकवायची कशी यावर. चारच महिन्यांनी स्टीफन्स फुटून निघालेल्या राज्यांचा उपाध्यक्ष झाला होता, आणि काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या तत्त्वावरच नवं सरकार उभं आहे असं त्याने सव्हानामधल्या भाषणात उघड सांगितलं. दोन्ही बाजू मांडून झाल्या होत्या. तिसरी विषयातच नव्हती.

तिसरी बाजू शोधायची तर दाराबाहेर जावं लागतं.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं गाव चॅपल हिल. शेजारच्या चॅटम काउंटीत जॉर्ज मोझेस हॉर्टन हा गुलाम राहत असे. वाचायला तो स्वतःच शिकला होता. १८२० च्या आसपास तो सुट्टीच्या दिवशी मैलोन् मैल चालत फळं विकायला विद्यापीठात येऊ लागला. त्याचं बोलणं ऐकून विद्यार्थ्यांना गंमत वाटली. त्यांनी त्याला उभं करून भाषणं द्यायला लावली : तयारी नाही, विषय आम्ही देऊ, बोल. वादसभेत आठवडाभर तयारी करून बोलणाऱ्या मुलांची ही करमणूक होती. हॉर्टनने आत्मवृत्तात लिहून ठेवलंय की थोड्याच दिवसांत त्याला या प्रकाराचा वीट आला, आपण लोकांपुढे निव्वळ हसं होतोय असं वाटू लागलं. त्याने भाषणं थांबवली आणि आपण कविता करतो असं सांगितलं.

मग मुलं आपापल्या मैत्रिणींसाठी त्याच्याकडून कविता विकत घेऊ लागली. मैत्रिणीच्या नावाची अक्षरं ओळींच्या सुरुवातीला गुंफलेली कविता, किंमत पंचवीस सेंटपासून पुढे. हॉर्टनला तेव्हा लिहिता येत नव्हतं. तो नांगर धरताना ओळी रचायचा, पाठ करायचा आणि चॅपल हिलला येऊन सांगायचा, मुलं उतरवून घ्यायची. मुलांनी त्याला व्याकरण, शब्दकोश, मिल्टन, होमर अशी पुस्तकंही दिली. या पैशातून तो मालकाला आपल्या दिवसांचं भाडं भरू लागला. १८२९ साली रॉलीला त्याचा संग्रह निघाला, 'द होप ऑफ लिबर्टी', म्हणजे मुक्तीची आशा. विक्रीतून त्याची सुटका विकत घ्यायची असा बेत होता, पण पैसे पुरेसे जमले नाहीत. पुढच्याच वर्षी राज्याने गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलं.

तो स्वतंत्र झाला १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपताना. त्याआधी, १८५९ साली, त्याने विद्यार्थ्यांसाठी एक दीर्घ भाषण रचलं. त्याचं हस्तलिखित विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेलं आहे. विषय होता स्वातंत्र्य आणि ज्ञानाचा प्रवाह. चाळीसेक वर्षांपूर्वी ज्याला गंमत म्हणून बोलायला लावलं होतं, त्याने या वेळी विषय स्वतः निवडला.

स्त्रियांनाही हाच मार्ग काढावा लागला. ओबरलिन कॉलेजात मुली मुलांबरोबर शिकत. वक्तृत्वाच्या वर्गात मात्र मुलांनी वाद घालायचा आणि मुलींनी ऐकायचा. लूसी स्टोन आणि अँटोनेट ब्राउन या मैत्रिणींनी प्राध्यापकांना गळ घालून एकदा वाद घातला, आणि कॉलेजने तो लगेच बंद केला. मग मुली रानात जमू लागल्या, आणि थंडीत गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईच्या घरी. १८४७ साली पदवी घेताना स्टोनने समारंभाचा निबंध लिहायलाच नकार दिला, कारण तो व्यासपीठावरून कोणीतरी पुरुषाने वाचायचा होता. पुढे गुलामी आणि स्त्रियांचे हक्क या दोन्ही विषयांवर तिने देशभर भाषणं दिली.

यादवी युद्धानंतर ही मंडळं मागे पडली. कॉलेजांची ग्रंथालयं सुधारली, फ्रॅटर्निटी आणि खेळ आले. येलच्या मंडळांनी १८७० नंतर लवकरच गाशा गुंडाळला आणि पुस्तकं कॉलेजला दिली. १८९२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात वाद रंगला, तेव्हा तो दोन कॉलेजांमधला सामना झाला होता. काही मंडळं अजून चालू आहेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या खेळाडूंचा निळा-पांढरा गणवेश म्हणजे डायलेक्टिकचा निळा आणि फिलांथ्रॉपिकचा पांढरा, हे सामना बघणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

हार्वर्डच्या त्या वादानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केलं. कोणी नेमून दिलेली बाजू ते मांडत नव्हते. प्रश्नच त्यांनी उभा केला होता.

दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात, हे मला आजही पटतं. लिनोनियापासून डार्टमथपर्यंतच्या मुलांनी ती शिस्त स्वतःच्या खर्चाने, प्राध्यापकांच्या नाकावर टिच्चून उभी केली, आणि ती सोडून देण्यासारखी नाही. पण हॉर्टनबद्दल वाचल्यापासून टीव्हीवर किंवा सभागृहात वाद सुरू झाला की मी आधी दोन गोष्टी बघतो. विषयाचं वाक्य कोणी लिहिलंय, आणि ते ज्याच्याबद्दल आहे त्याला बोलायला जागा ठेवली आहे का. नसेल तर कौल कोणत्याही बाजूने लागो, वाद अजून सुरूच व्हायचा असतो.