'कल्चर' म्हणजे नेमकं काय?

महात्मा फुले मंडईत भाजीचा गाळा असलेल्या एका मावशींना मी लघवीचं कल्चर करायला सांगितलं होतं. जळजळ होती, बारीक ताप होता. चार दिवसांनी त्या परत आल्या, तेव्हा हुडहुडी भरली होती आणि कंबरेच्या वर एका बाजूला कळ येत होती. तपासणी केलीच नव्हती. "मुलानं मोबाईलवर अर्थ बघितला, डॉक्टर. कल्चर म्हणजे संस्कृती. आम्हाला वाटलं, चिठ्ठीत काहीतरी चुकलंय." दरम्यान घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन-चार गोळ्या घेऊन झाल्या होत्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. त्यांना दवाखान्यात दाखल करून सलाईनमधून औषधं द्यावी लागली.

चूक माझी होती. मी शब्द सांगितला, अर्थ सांगितला नाही. तो आज सांगतो.

मुलानं काढलेला अर्थ खोटा नव्हता, फक्त तो या शब्दाच्या प्रवासातला मधला टप्पा होता. मूळ लॅटिन धातू 'कोलेरे', म्हणजे जमीन कसणे, निगा राखणे. त्यावरून 'कल्चर', म्हणजे मशागत. 'अ‍ॅग्रीकल्चर'मध्ये तो अर्थ आजही शाबूत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वक्ता सिसेरो याने 'मनाची मशागत' असा शब्दप्रयोग केला आणि शब्द शेतातून माणसाच्या मनात आला. पुढे १९व्या शतकात तो अख्ख्या समाजाच्या चालीरीती, कला, ज्ञान यांसाठी रुळला.

आपण त्याला 'संस्कृती' म्हणतो. बंगालीत मात्र 'कृष्टी' हा शब्द चालत होता, 'कृष्' म्हणजे नांगरणे या धातूवरून आलेला. १९२२ साली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चॅटर्जी यांना पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून 'संस्कृती' हा शब्द कळला. तो रवींद्रनाथ टागोरांनाही आवडला आणि 'कृष्टी' मागे पडला. आपला शब्द सुंदर आहे, पण त्यात संस्कार आहे, माती नाही. म्हणून मावशींच्या मुलाला लघवीशी त्याचा संबंध लागेना.

डॉक्टरांचं कल्चर मात्र थेट मातीतल्या अर्थाचं आहे. जंतू पेरायचे, त्यांना खाऊ घालायचं, ऊब द्यायची आणि उगवायची वाट बघायची. सुरुवातीची शेतं तर मंडईत आणि स्वयंपाकघरातच सापडली. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवले. मग जिलेटिन आलं, पण ते उबेला वितळायचं. तेव्हा फॅनी हेस या गृहिणीने अगार सुचवलं. बाजारात ज्याला आपण चायना ग्रास म्हणतो, तेच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यातही पसरला. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मांसाच्या रश्श्यावर साजूक तुपाचे थेंब सोडून प्लेगचे जंतू वाढवले. थेंबांना धरून ते खाली लोंबत वाढत. ते उष्णतेने मारून लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. या लशीमागेही कल्चरच होतं.

तुमच्या रिपोर्टमधल्या 'कॉलनी काउंट'चंही मूळ तेच. 'कोलोनस' म्हणजे शेतकरी, त्याची वस्ती ती कॉलनी.

मावशींना मी हे सगळं एका वाक्यात सांगू शकलो असतो: "मावशी, जंतूंचं विरजण लावायचंय." विरजण लावून लगेच दही मागत नाही आपण. लघवीतले जंतू उगवायला साधारण एक दिवस लागतो. कोणतं औषध त्यांना मारतं हे बघायला आणखी एक. टीबीचे जंतू तर फार सावकाश वाढतात, त्यांना कित्येक आठवडे लागतात.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्या. गोळीने अर्धमेले झालेले जंतू लॅबमध्ये उगवत नाहीत. रिपोर्टवर 'वाढ नाही' येतं आणि आजार मात्र आत तसाच राहतो. लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्या आणि डबी लगेच पोचवा. नमुना दिल्यावर डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं तर ते घ्या. रिपोर्ट आल्यावर ते बदलावंही लागेल. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

आणि चिठ्ठीतला एखादा शब्द कळला नाही तर मोबाईलच्या आधी आम्हाला विचारा. मावशी आता बऱ्या आहेत, रोज गाळ्यावर बसतात. मीही आता चिठ्ठीवर 'कल्चर'च्या पुढे मराठीत लिहितो: 'जंतू वाढवून बघणे. गोळी सुरू करण्याआधी.'