ग्रेंजच्या वह्या : खेड्यातील सभांचे दप्तर

१८६७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या कृषी खात्यात काम केलेल्या ऑलिव्हर केली याने सहा सोबत्यांसह शेतकऱ्यांची एक संघटना काढली. तिच्या गावोगावच्या शाखांना 'ग्रेंज' म्हणत. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील शेटॉक्वा या ग्रामीण काउंटीत, फ्रेडोनिया येथे पहिल्या क्रमांकाची शाखा उभी राहिली.

या चळवळीचा इतिहास बहुधा रेल्वे आणि धान्यकोठारांच्या दरांभोवती सांगितला जातो. 'मन विरुद्ध इलिनॉय' हा १८७७ चा निकाल त्यातूनच आला. कोठारांचे भाडे ठरविण्याचा राज्याचा अधिकार त्याने मान्य केला. तो महत्त्वाचा खराच. पण शाखांच्या सचिवांनी लिहिलेली इतिवृत्ते उघडली, की निराळेच जग दिसते : वर्गणीचा हिशेब, आजारी सभासदाची विचारपूस, बियाणे व अवजारांची एकत्र खरेदी, आणि त्याच बैठकीत एखाद्या प्रश्नावर रंगलेला वाद.

त्या बैठकीत स्त्रिया पूर्ण सभासद म्हणून बसत, मत देत, पदेही भूषवीत. केलीची भाची कॅरोलाइन हॉल हिचा हा आग्रह होता. न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९१७ साली. म्हणजे फ्रेडोनियाच्या शेतकरणीने आपल्या सभेत मत दिले, त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने. असे असूनही यादीत कित्येकींची नोंद नवऱ्याच्या नावानेच सापडते!

ओहोटीही याच कागदांत आहे. १८७५ च्या सुमारास सभासद साडेसात लाखांवर होते. १८८० पर्यंत ती संख्या दीड लाखाच्याही खाली आली. आयोवात संघटनेने कापणीयंत्रे बनविण्याचा उद्योग आरंभिला, तो बुडाला. राष्ट्रीय इतिहासात हे एका वाक्यात आटोपते. गावच्या वहीत मात्र वर्गणी थकल्याने एकेक नाव कमी होत जाते.

न्यूयॉर्कमधील अनेक शाखांची दप्तरे आता कॉर्नेल विद्यापीठात आहेत. शाखा मिटल्यावर वह्या शेवटच्या सचिवाच्या घरी राहत. तिथून अभिलेखागारापर्यंत पोहोचणे हा बव्हंशी योगायोग.

शिवाय संघटना गुप्त विधींची. नवा अर्ज आला की पेटीत गोट्या टाकून मतदान होई. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. वहीत तेवढा निकाल उतरे. शेजाऱ्याला कोणी नाकारले आणि का, ते सचिव लिहीत नसे.